दहा मिनिटांनी सुरू होणारी गाडी

मे महिन्यात समुद्रपूरला दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसला, तर त्याची एक तर गाडी बिघडलेली असते, नाही तर म्हैस. त्या दिवशी निंबाखालच्या गॅरेजात ही दोन्ही दुःखं एकाच व्यक्तीच्या वाट्याला आलेली दिसली. तालुक्यातल्या गुरांच्या डॉक्टर स्वतःची डिझेल गाडी घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्या फोनवर कुठल्या तरी म्हशीचा मालक सारखा वाजत होता. माझ्या स्कूटरची क्लचची तार तुटलेली, म्हणून मी बाकड्यावर बसून होतो. मिस्त्री साठीला टेकलेले, डॉक्टर पस्तिशीच्या आतबाहेर. पुढचा दीड तास त्या दोघांत जे बोलणं झालं, ते गाडीविषयी होतं. निदान मला सुरुवातीला तसंच वाटलं.

मिस्त्री : सांगा मॅडम. पण आधी गाडीचं सांगा. कोण्या गॅरेजवाल्यानं काय म्हटलं, ते मागून.

डॉक्टर : गाडी २०१३ ची. मी जुनी घेतलेली. गेल्या दोन महिन्यांत पाचदा चालता चालता बंद पडली. दोनदा गिरडच्या रस्त्याला, एकदा कोऱ्याकडे, एकदा नंदोरीजवळ, आणि परवा हायवेवर, जाम गाव ओलांडल्यावर, मागे ट्रक असताना. दरवेळी दुपारी. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की चावी फिरवताच सुरू, जसं काही झालंच नव्हतं.

मिस्त्री : आन् बदललं काय काय?

डॉक्टर : शहरातल्या एका गॅरेजात आधी डिझेल फिल्टर बदलला. पुन्हा बंद पडली. मग क्रँक सेन्सर बदलला. ते म्हणाले, गरम झाली की बंद आणि थंड झाली की सुरू, म्हणजे सेन्सरच. नंतर अठरा दिवस ठीक चालली. मी देवाला हात जोडले. परवा पुन्हा गेली. आता ते म्हणतात हाय प्रेशर पंप. पंपाची किंमत ऐकली आणि सरळ तुमच्याकडे आले.

मिस्त्री : म्हंजे पैसे सरले की पेशंट सरकारी दवाखान्यात येते, तसं.

डॉक्टर : हसा. पण काका, मला शास्त्र नको, गाडी हवी. पंपावर संशय आहे ना? मग पंपच तपासा, आणि नादुरुस्त असेल तर बदलून मोकळे व्हा.

मिस्त्री : आता चालू आहे नं गाडी? चांगल्या गाडीत मी रोग कुठं पाहू? तुमी तंदुरुस्त गाय आणून म्हणता, हिले काल ताप होता, औषध द्या.

डॉक्टर : हो, आणि मी देते औषध! तुमचा हाच मुद्दा मला पटत नाही. गाईला १०५ डिग्री ताप, अंगावर गोचिड्या, लघवी लालसर. काचेवर रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवते, पण अहवालाची वाट पाहत बसत नाही. गोचीडतापाचं इंजेक्शन तिथंच देते. नंतर अहवाल काहीही येवो, गाय जगलेली असते. व्यायलेली म्हैस दुसऱ्या दिवशी मान पोटाकडं वळवून बसून राहिली, उठेना, तर शिरेतून कॅल्शियम लावते, हृदयाचे ठोके ऐकत, हळूहळू. थोड्या वेळात म्हैस ढेकर देते, शेण टाकते, उठून उभी राहते. उठली म्हणजे दुग्धज्वर होता. उपचार हेच निदान. तुमच्या धंद्यात हे का चालू नये? सगळ्यात जास्त वेळा जे बिघडतं, ते आधी बदला. गाडी सुधारली की रोग कळला.

मिस्त्री : तुमची म्हैस कॅल्शियम न लावता उठली असती का?

डॉक्टर : नाही. बहुतेक मेली असती.

मिस्त्री : आन् तुमची गाडी सेन्सर न बदलता सुरू झाली असती का?

डॉक्टर : (थांबून) झाली असती.

मिस्त्री : मंग झालं. जो रोगी दहा मिनिटांनी आपल्याच मनानं उठून चालते, त्याच्यावर औषधाची परीक्षा होत नाई, मॅडम. तुमी सेन्सर बदला, अगरबत्ती लावा, नाई तर टायरले नारळ फोडा, दहा मिनिटांनी ते सुरू होणारच. जो शेवटी हात लावन, त्याचं नाव होईन.

इथं मला वाटलं, मिस्त्रींनी सामना जिंकला. पण डॉक्टरांचा फोन पुन्हा वाजला, त्यांनी तो कापला, आणि त्यांचा आवाज बदलला.

डॉक्टर : काका, तुमचं तर्कशास्त्र थंड सावलीत बसून ठीक आहे. मी परवा कुठं होते, ते ऐका. जुना सात नंबर हायवे, आताचा चव्वेचाळीस. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे ट्रक त्या रस्त्यानं जातात. मी ओव्हरटेकच्या पट्ट्यात आणि गाडीतला जीव गेला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा लाकडावर पाय ठेवल्यासारखा. कशीबशी कडेला आले. तुम्ही म्हणता, रोग अंगावर येईपर्यंत थांबा. तोवर मीच ट्रकखाली गेले तर? वाट पाहण्याचा खर्च तुमच्या हिशेबात येतच नाही.

मिस्त्री : (बराच वेळ काही न बोलता पाना पुसत राहतात.) हे मात्र खरं आहे. त्याले माहा जवाब नाई. इतकंच सांगतो, आजपासून ही गाडी हायवेवर न्यायची नाई. आन् कधी पुन्हा असं झालं, तर ध्यानात ठेवा, इंजिन मेलं की ब्रेकची मदत फक्त एक-दोन दाबांपुरती शिल्लक राहते. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरले लागणारा व्हॅक्यूम इंजिनावर चालणारा पंप देते, इंजिन गेलं की तोही गेला. म्हणून ब्रेक सोडसोड करायचा नाई, एकदाच घट्ट दाबून थांबायचं. स्टिअरिंग जड होते, पण फिरते. आन् गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाई, नाई तर स्टिअरिंगले लॉक बसन.

डॉक्टर : हे मला आजवर कोणी सांगितलं नाही.

मिस्त्री : कारण सगळे पार्ट सांगून रायले. बरं, मरताना ते कशी मेली, ते सांगा. झटक्यात, का तडफडून?

डॉक्टर : म्हणजे?

मिस्त्री : आरपीएमचा काटा पाहिला का? गाडी अजून गिअरमध्ये घरंगळून रायली, चाकं इंजिनाले फिरवून रायली, आन् काटा मात्र एका क्षणात शून्यावर, तर कॉम्प्युटरले क्रँकचा निरोपच भेटला नाई. तो सेन्सर, नाई तर त्याची वायर. डिझेल गाडीत ठिणगी नसते, स्पार्क प्लग नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली की ते पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलची फवार मारली की पेटते. पण फवार कधी मारायची, हे कॉम्प्युटर क्रँकच्या निरोपावरून ठरवते. निरोप नाई तर फवार नाई. असं मरण झटक्याचं असते. आन् सगळे दिवे, मीटर, गाणं, सारंच गेलं तर मामला बॅटरीच्या टर्मिनलचा, अर्थिंगचा, नाई तर मेन रिलेचा. पण आधी पिकअप गेला, गाडी आचके देऊ लागली, धाप लागली, मंग बंद, तर पोटात डिझेल पोचून नाई रायलं.

डॉक्टर : पहिल्या चार वेळा मी काटा पाहिलाच नाही. परवा... परवा आधी ओढ गेली. मी अॅक्सिलरेटर दाबत होते आणि ती मागं राहत होती. दोन-तीन आचके. मग बंद. दिवे चालू होते.

मिस्त्री : पाच वेळा मेली, आन् मरताना एकदाच कोणी पाहिली.

डॉक्टर : टोमणा नको. मी आरशात ट्रक पाहत होते.

मिस्त्रींनी कपाटातून स्कॅनर काढला. मला वाटत होतं, हा माणूस कानानं रोग ओळखणाऱ्यांपैकी असेल. वडील त्यांचे विहिरीवरची किर्लोस्कर ऑइल इंजिनं दुरुस्त करत. १९४६ साली सुरू झालेल्या त्या कंपनीच्या इंजिनांवर आमच्याकडच्या दोन पिढ्यांचं ओलीत झालं. पण मिस्त्रींना त्या काळाचं फार कौतुक नव्हतं. ‘त्या इंजिनाले हवा, डिझेल आन् दाब भेटला की ते चालेच, म्हणून माहा बाप हुशार वाटे,’ असं म्हणून त्यांनी स्टिअरिंगखाली वायर जोडली.

मिस्त्री : हे पाहा, पी ००८७. रेलमधला दाब कमी.

डॉक्टर : बघा! त्या गॅरेजवाल्यांनाही हाच कोड दिसला असणार. दाब कमी, दाब कोण तयार करतो तर पंप, म्हणून पंप. चूक कुठे आहे?

मिस्त्री : कोड म्हंजे ठाण्यात दिलेली तक्रार, निकाल नाई. कॉम्प्युटर म्हणते, माह्या रेलमध्ये दाब नाई. चोर कोण, हे त्याले ठाऊक नाई. पंपानं दाब केला नाई, का इंजेक्टरनं वापस गाळून टाकला, का दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा रायला, का पंपाच्या तोंडालेच डिझेल आलं नाई? चार चोर, तक्रार एकच. आन् क्रँक सेन्सरचा कोड, पी ०३३५, तो इथं नाई. आधीही होता का, विचारलं होतं तुमी?

डॉक्टर : नाही विचारलं. तापमानाचा मेळ बसत होता. सेन्सरमधली वेटोळी तापली की तुटतात, थंड झाली की जुळतात, असं ते म्हणाले. पटलं मला.

मिस्त्री : ते खरं सांगून रायले, होते तसं. पण गिरडच्या टेकडीवर तुमी गेल्या असान. दर्ग्याच्या आजूबाजूले सुपारीसारखे, नारळासारखे गोल दगड भेटतात. लोक सांगतात, बाबा फरीदाची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला. दिसाले सुपारी. चावून पाहाल तर दात जाईन.

डॉक्टर : ठीक. मग चार चोर वेगळे कसे काढणार?

यानंतरचा पाऊण तास दोघांचं भांडण थांबलं होतं, कारण दोघांनाही हात काळे करायला मिळाले होते. फिल्टरच्या अलीकडची रबरी नळी काढून मिस्त्रींना तिथं पारदर्शक नळी लावायची होती, बुडबुडे दिसतात का ते पाहायला. डॉक्टरांनी बॅगेतून सलाइनचा सेट काढून दिला. ‘लय बारीक,’ म्हणून मिस्त्रींनी तो बाजूला ठेवला आणि गवंड्याची लेव्हल-पाइप कापून जोडली. इंजिन सुरू केलं. डिझेल सरळ वाहत होतं, बुडबुडा एकही नाही. म्हणजे नळीत कुठून हवा शिरत नव्हती.

पण सलाइनच्या नळ्या वाया गेल्या नाहीत. चार इंजेक्टरांचं वापस जाणारं डिझेल मोजायला त्याच जाडीच्या नळ्या लागतात. डॉक्टरांनी औषधाच्या चार सारख्या रिकाम्या बाटल्या दिल्या. इंजिन काही मिनिटं चालवल्यावर चारही बाटल्यांत डिझेलची पातळी जवळपास सारखी होती. एखादी भराभर भरली असती, तर तो इंजेक्टर दाब गाळतोय असं ठरलं असतं. डॉक्टर दुसऱ्या बाजूच्या जाड पोलादी नळीकडे बोट दाखवून काही विचारायला वाकल्या, तसा मिस्त्रींनी त्यांचा हात धरून मागे ओढला.

मिस्त्री : त्या पाइपाले चालू इंजिनात हात लावायचा नाई. जुन्या इंजिनात आमी नट ढिला करून पाहत होतो, कोणत्या सिलिंडरले डिझेल येते ते. इथं हजार बारच्या वर दाब जाते. सुईच्या टोकाएवढी धार कातडी फोडून आत शिरते.

डॉक्टर : मग ते इंजेक्शनच झालं. आणि डिझेलचं.

मिस्त्री : बोट कापावं लागते म्हणतात. बरं, स्कॅनरवर पाहा. इंजेक्टर ठीक, नळी ठीक, रेस केल्यावर दाबही बरोबर चढून रायला. पंप आजारी असता तर रेस करताना धापा टाकल्या असत्या.

डॉक्टर : म्हणजे सगळं ठीक! आणि तरीही गाडी बंद पडते. काका, हाच तर तुमच्या पद्धतीचा शेवट. दीड तास गेला, हाती काय? ‘सगळं ठीक.’ आमच्याकडे असं झालं की मालक गाय घेऊन भोंदूकडे जातो. आणि मी त्याला दोष देत नाही.

मिस्त्री : हाती हे आलं की उभ्या गाडीत हा रोग येत नाई. चालवल्यावर येते. पण चालवल्यावरही दररोज नाई येत, पाचदाच आला. त्या पाच दिवशी वेगळं काय होतं?

डॉक्टर : ऊन.

मिस्त्री : मे महिन्यात ऊन रोजच असते. दुसरं?

डॉक्टर : दुपारी मी लांबच्या गावांना जाते. सकाळी दवाखाना, म्हणजे गाडी जवळपासच.

मिस्त्री : म्हंजे ऊन नाई, अंतर असू शकते. अजून? डिझेल कवा भरलं, पावत्या ठेवता का?

पावत्या होत्या. दौऱ्याची डायरीही होती. डॉक्टरांनी दोन्ही बॉनेटवर पसरल्या आणि तारखा जुळवायला लागल्या. तिसऱ्या तारखेपर्यंत त्यांचं बोट भराभर फिरत होतं. चौथ्याला ते थांबलं.

डॉक्टर : पाचही वेळा... टाकी त्याच दिवशी फुल केलेली. कोऱ्याला जाताना सकाळीच भरली होती. परवाही.

मिस्त्री : आन् सेन्सर बदलल्यावर अठरा दिवस जे चांगली चालली?

डॉक्टर : (पावत्या चाळत) महिनाअखेर होती. पाचशेचं, सातशेचं असं डिझेल टाकत होते. टाकी फुल केलीच नाही. (हळू आवाजात) म्हणजे सेन्सरनं काही केलं नाही. माझ्या पगाराच्या तारखेनं गाडी बरी केली.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी खडू घेऊन फरशीवर टाकी काढली. चाळीस लिटरची टाकी गळ्यापर्यंत भरली, की वर दोनेक लिटर हवा उरते. गाडी वीसेक किलोमीटरला एक लिटर पिते. जेवढं डिझेल खाली जातं, तेवढी हवा बाहेरून आत यायला हवी. ती येत नसेल, तर त्याच दोन लिटर हवेला तीन लिटरची जागा पुरवावी लागते, आणि तिचा दाब दोनतृतीयांशावर येतो. टाकी डिझेल सोडेना, पंप ओढेना, रेल रिकामी. टाकी अर्धी असेल तर वीस लिटर हवा एकवीस लिटर जागेत पसरते, काहीच जाणवत नाही. आणि गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटं बसलं, की कुठल्या तरी फटीतून हवा झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते.

डॉक्टर : सिद्धांत सुंदर आहे.

मिस्त्री : सिद्धांत कायचा, उद्या सकाळी सहाले पाहू. टाकी फुल करून आणा. थंड्या वेळी बंद पडली, तर उन्हाचा आरोपही सुटला.

दुसऱ्या दिवशी मीही मागच्या सीटवर होतो. स्कूटर दुरुस्त झाली होती, पण हा तमाशा सोडून जाववेना. हायवे टाळून आम्ही गिरडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूला नांगरून ठेवलेली काळी शेतं, पऱ्हाट्यांचे ढीग, अजून न तापलेली हवा. मिस्त्रींच्या मांडीवर स्कॅनर. बावीस किलोमीटर झाले असतील.

मिस्त्री : ओढ पाहा. गेली नं?

डॉक्टर : गेली. काटा... काटा हळूहळू उतरतोय. चाकांसोबत.

मिस्त्री : रेलचा दाब पडून रायला. कडेले घ्या. एकच ब्रेक, घट्ट.

गाडी थांबली. बॉनेटला कोणीच हात लावला नाही. मिस्त्री मागच्या बाजूला गेले आणि डिझेलच्या टोपणावर हात ठेवून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. ‘कान द्या.’ टोपण पाव वेढा फिरलं आणि आत हवा शिरल्याचा लांबलचक फुस्स असा आवाज मलाही चार हातांवरून ऐकू आला. डॉक्टरांनी चावी फिरवली. एकाच फेऱ्यात सुरू. दहा मिनिटं नाही, दहा सेकंदंही नाही. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर, इतक्या तासांत पहिल्यांदा, सरळ सरळ आनंद होता.

मिस्त्री : झालं! चला वापस. गॅरेजात टाकीची हवेची नळी साफ करतो, अर्ध्या तासात मोकळ्या.

डॉक्टर : थांबा. टोपण घट्ट लावा.

मिस्त्री : काहून?

डॉक्टर : पुन्हा बंद पडू द्या.

मिस्त्री : मॅडम, कानानं ऐकलं नं तुमी?

डॉक्टर : ऐकलं. पण काल तुम्हीच मला शिकवलंत. ही गाडी आपल्या मनानं सुरू होणारी आहे. एकदा सुरू झाली म्हणजे सिद्ध काय झालं? घट्ट टोपणानं पुन्हा मेली पाहिजे. मग सैल टोपणानं तेवढंच अंतर जाऊन मरता कामा नये. तेव्हा मी मानेन. अठरा दिवसांचं समाधान मी एकदा विकत घेतलंय, काका. आता फुकट मिळालं तरी नको.

मिस्त्री काही तरी बोलायला गेले आणि थांबले. कालपर्यंत ‘औषध द्या आणि मोकळे व्हा’ म्हणणारी बाई आज पुरावा मागत होती, आणि कालपर्यंत पुरावा मागणारा माणूस घरी जायला निघाला होता. ते निमूट बसले. टोपण घट्ट केलं. या वेळी वर थोडी अधिक जागा होती, म्हणून वेळही जास्त लागला. शेवटी तीच धाप, तेच आचके, तसाच उतरणारा काटा. टोपण उघडलं, फुस्स. मग ते अर्ध्यावर टेकवून ठेवलं आणि आम्ही तेवढंच अंतर, वर आणखी पाच किलोमीटर कापले. काही झालं नाही. परतीच्या वाटेवर एका झाडाखाली थांबून मिस्त्री ते टोपण हातात घेऊन उलटसुलट करू लागले.

मिस्त्री : हे कंपनीचं नाई. कंपनीच्या टोपणात बारीक व्हॉल्व्ह असते, बाहेरची हवा आत घेणारा. यात तो नाईच.

डॉक्टर : मार्चमध्ये पंपावर टोपण राहून गेलं. बाजारातून हे घेतलं. ... अरे देवा. मार्च.

मिस्त्री : तवापासूनच बंद पडून रायली नं? मले सांगतलं काहून नाई?

डॉक्टर : तुम्ही विचारलं नाहीत.

एवढं म्हणून त्या स्वतःच कपाळावर हात मारून हसायला लागल्या. गायीचं दूध आटलं म्हणून रोज कोणी तरी येतो, सांगत होत्या, त्याला दहा प्रश्न विचारावे लागतात, आणि अकराव्याला तो म्हणतो, ढेप बदलली होती जी, पण तुमी विचारलं नाई.

टाकीची हवेची नळी तिथंच चाकाच्या वरच्या बाजूला सापडली. तिचं तोंड मातीनं गच्च बुजलेलं होतं. गेल्या पावसाळ्यात डॉक्टर ज्या पांदण रस्त्यांनी गोठ्यापर्यंत गाडी घालत होत्या, त्यांची काळी माती वाळून विटेसारखी झाली होती. म्हणजे नळी कदाचित पावसाळ्यापासूनच बंद होती आणि जुन्या टोपणातला व्हॉल्व्ह एकटा गाडीला श्वास पुरवत होता. मार्चमध्ये तोही गेला. दोन्हींपैकी एकच बिघाड असता, तर गाडी कधीच थांबली नसती आणि तो कोणाला कळलाही नसता.

डॉक्टर : तरी माझा एक मुद्दा शिल्लक आहे, काका. मला पावत्या ठेवायची सवय होती, म्हणून हे जुळलं. आणि आज तुम्ही सकाळ दिलीत, तिचे पैसे घेणार नाही, हेही मला माहीत आहे. पेरणीच्या आधल्या दिवशी एखाद्या शेतकऱ्याचा पिकअप असा आला, तर त्याला तुम्ही ‘टाकी फुल करून उद्या सहाला या’ म्हणाल?

मिस्त्री : (नळीतली माती तारेनं टोकरत) नाई म्हणणार. फिल्टर बदलून देईन आन् सांगीन, टोपण ढिलं ठेवा.

डॉक्टर : बघा.

मिस्त्री : पण सांगीन नं, की रोग सापडला नाई. ‘बदललं’ म्हणीन, ‘बरी केली’ नाई म्हणणार. त्या सेन्सरवाल्यानं तेवढं म्हटलं असतं, तर तुमी हायवेवर गेल्या नसत्या.

यावर डॉक्टर काही बोलल्या नाहीत. नळीतून शेवटचं ढेकूळ निघालं, मिस्त्रींनी तोंड लावून फुंकर मारली आणि हवा टाकीत गेल्याचा आवाज आला. बाजारातलं ते बिनव्हॉल्व्हचं टोपण त्यांनी पुन्हा घट्ट, शेवटच्या आट्यापर्यंत बसवलं. एव्हाना ऊन चढलं होतं, डॉक्टरांचा फोन पुन्हा वाजायला लागला होता. त्यांनी पलीकडच्या माणसाला म्हैस किती वेळा उठायचा प्रयत्न करते ते मोजून ठेवायला सांगितलं आणि गाडी सुरू केली.

बाविसावा किलोमीटर येईपर्यंत तिघांपैकी कोणीच बोललं नाही. तो आला, गेला. तेविसावाही गेला. डॉक्टरांनी काट्यावरची नजर मात्र समुद्रपूरची पाटी दिसेपर्यंत काढली नाही.